रांगेतल्या मुलांकडे पाहा

सैनिकी प्रशिक्षण दाखवणारा युद्धपट पाहून उठलेल्या प्रेक्षकाच्या मनात सहसा एकच माणूस घर करून राहतो, तो म्हणजे रंगरूटाच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडणारा प्रशिक्षक, ज्याला आपल्याकडच्या सैनिकी प्रशिक्षण सेंटरांमध्ये उस्ताद म्हणतात. त्याच्या बोलण्याच्या नकला होतात आणि त्याचे प्रसंग कापून, त्यांना संगीत जोडून, प्रेरणादायी चित्रफिती म्हणून मोबाइलवर पाठवले जातात. नागपुरात पहाटेच्या अंधारात मैदानांवर धावणाऱ्या, सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांपर्यंतही त्या पोहोचतात. माझे म्हणणे असे आहे की, हे चित्रपट नेमके काय सांगतात ते समजून घ्यायचे असेल, तर नजर उस्तादावरून काढून त्याच्यासमोर रांगेत उभ्या असलेल्या मुलांवर ठेवायला हवी. माणसातले माणूसपण कमी करण्याचे काम उस्ताद सुरू करतो, पण ते पूर्ण होते रांगेतल्या मुलांच्या हातून, आणि चांगल्या युद्धपटांनी हे फार बारकाईने दाखवले आहे.

सैन्यापुढचा प्रश्न आधी समजून घेऊ. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला घराने आणि शाळेने दोन गोष्टी पक्क्या शिकवलेल्या असतात: दुसऱ्याचा जीव घ्यायचा नाही आणि स्वतःचा जीव सांभाळायचा. रणांगणावर त्याच्याकडून या दोन्हींच्या नेमके उलट वागण्याची अपेक्षा असते, तेही विचार करायला वेळ नसताना. अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ साली असा दावा केला होता की, दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष चकमकीत सापडलेल्या पायदळ सैनिकांपैकी जेमतेम १५ ते २५ टक्क्यांनीच शत्रूवर गोळी झाडली. मार्शल यांनी ही माहिती कशी जमवली यावर पुढच्या इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत, त्यामुळे तो आकडा प्रमाण मानू नये. परंतु त्या दाव्याचा प्रभाव खरा होता. १९५०च्या दशकात अमेरिकी सैन्याने नेमबाजीच्या सरावात वर्तुळांच्या लक्ष्याऐवजी अचानक उभ्या राहणाऱ्या, माणसाच्या आकाराच्या लक्ष्यांचा वापर सुरू केला. आकृती दिसताच बोटाने चाप ओढावा आणि मनाने त्यात पडू नये, हा त्या बदलाचा हेतू होता. युद्धपटांतील प्रशिक्षणाची दृश्ये या एका वाक्यावर उभी आहेत.

मुलाचे मन बाजूला सारायचे, तर आधी त्याचे जुने ‘मी’पण मोकळे करावे लागते. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ साली तुरुंग, मनोरुग्णालय, मठ आणि सैनिकी बराकी यांचा एकत्र विचार केला. या सगळ्या ठिकाणी माणूस आत आला की त्याचे केस कापले जातात, अंगावरचे कपडे आणि जवळच्या वस्तू काढून घेतल्या जातात, संस्थेचे कपडे दिले जातात, नावाऐवजी क्रमांक किंवा नवे संबोधन मिळते आणि झोपण्यापासून शौचापर्यंत कुठलीच कृती एकांतात करता येत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. बाहेरच्या जगात आपण कोण आहोत याची जी बारीकसारीक चिन्हे माणूस अंगावर बाळगतो, ती एकेक करून उतरवली जातात. सिनेमाला हे तत्त्व संवादाशिवाय सांगता येते. स्टॅन्ली क्युब्रिक यांचा व्हिएतनाम युद्धावरचा १९८७ सालचा ‘फुल मेटल जॅकेट’ अशाच दृश्याने उघडतो: खुर्चीत एकामागून एक मुले बसतात, यंत्र डोक्यावरून फिरते, केसांचे पुंजके जमिनीवर पडतात. कुणाचे नाव आपल्याला सांगितले जात नाही. पहिल्याच भेटीत हार्टमन हा उस्ताद त्यांना नवी नावे देतो, आणि चित्रपट संपेपर्यंत आपणही त्या मुलांना त्याने दिलेल्या नावांनीच ओळखतो. प्रेक्षकही अशा रीतीने नकळत उस्तादाच्या बाजूला ओढला जातो, हे दिग्दर्शकाचे कौशल्य आहे.

याच गोष्टीची दुसरी, मला अधिक हादरवणारी मांडणी एडवर्ड बर्गर यांच्या २०२२ सालच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या जर्मन चित्रपटात आहे. एरिक मारिया रेमार्क यांच्या १९२९ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीत प्रशिक्षण छावणीला मोठे स्थान आहे, तरी या चित्रपटाने छावणीचा भाग जवळजवळ गाळून टाकला आणि त्याच्या जागी एका गणवेशाचा प्रवास ठेवला. आघाडीवर एक तरुण सैनिक मरतो. त्याच्या अंगावरचा गणवेश काढला जातो, रक्त धुतले जाते, शिलाईयंत्रांच्या लांबलचक रांगांमध्ये बायका तो दुरुस्त करतात आणि तो नव्या भरतीतल्या पॉल या मुलाला दिला जातो. आत दुसऱ्याच कुणाचे नाव शिवलेले पाहून पॉल तो परत करायला जातो, तेव्हा अधिकारी नावाची पट्टी फाडून टाकतो आणि गणवेश पुन्हा त्याच्या हातात देतो. उस्ताद नाही, आरडाओरडा नाही, तरी हा मुलगा यंत्रणेसाठी कोण आहे, हे प्रेक्षकाला कळून चुकते.

इथे आपल्या भूमीवरून एक आक्षेप घेतला पाहिजे, आणि तो मी मनापासून घेते. नाव पुसले जाणे ही हानीच आहे, असे पाश्चात्त्य युद्धपट गृहीत धरून चालतात. ज्या समाजात नावाबरोबर जात चिकटून येते, तिथे ते गृहीतक तसेच्या तसे लागू पडत नाही. नागपूरला लागून असलेल्या कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर आहे. जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने १९४९ साली उभी राहिलेली ही रेजिमेंट एका प्रांताची किंवा एका जातीची नव्हती. भारताच्या सर्व भागांतून आणि सर्व समाजांतून सैनिक घ्यायचे, या तत्त्वावर ती रचली गेली. ज्या मुलाला गावात पाणवठ्यावर थांबवले जात होते, त्याला सगळ्यांसारखीच हजामत, सगळ्यांसारखाच गणवेश आणि एकाच पंगतीत जेवण मिळणे, हे त्याच्यासाठी काय असेल याचा विचार करावा. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्या समाजाने अर्ज-विनंत्या केल्या आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. माणसाला एका साच्यात घालणारी जी यंत्रणा एकाचे माणूसपण काढून घेते, तीच दुसऱ्याला ते पहिल्यांदा मिळवून देऊ शकते. ‘फुल मेटल जॅकेट’मधला हार्टमनही रंगरूटांना बजावतो की, इथे वर्णभेद चालणार नाही, कारण इथे सगळे सारखेच कवडीमोल आहेत. प्रेक्षक त्या वाक्यावर हसतात. समता द्यायची आणि तीही सर्वांना शून्यावर आणून, असा हा व्यवहार आहे, आणि त्यातले ‘समता’ व ‘शून्य’ हे दोन्ही शब्द आपण गंभीरपणे घेतले पाहिजेत.

आता त्या चित्रपटाच्या गाभ्याकडे येऊ. लिओनार्ड लॉरेन्स हा जाडसर, मंद हालचालींचा मुलगा काहीच नीट करू शकत नाही. हार्टमन त्याला मारतो, घालूनपाडून बोलतो, अंगठा चोखत पलटणीच्या मागून चालायला लावतो. पण याने काही साधत नाही. एके दिवशी त्याच्या पेटीत लपवलेले गोड खाद्य सापडते आणि हार्टमन डावपेच बदलतो. यापुढे लिओनार्ड चुकला की शिक्षा त्याला होणार नाही, इतर सगळ्यांना होईल. मुले जमिनीवर दंड काढत राहतात आणि लिओनार्ड मधोमध उभा राहून ते खाद्य खातो. आपल्याकडच्या सैनिकी भाषेत ज्याला रगडा म्हणतात, तो सगळ्यांना आणि कारण मात्र एकटा, अशी ही रचना आहे. तिचा परिणाम अटळ असतो. एका रात्री पलटणीतली मुले टॉवेलमध्ये साबणाच्या वड्या गुंडाळतात, लिओनार्डला पांघरुणाखाली दाबून धरतात आणि एकेक जण येऊन त्याला मारून जातो. ज्याने त्याला बूट बांधायला, पलंग लावायला प्रेमाने शिकवले होते, तो जोकर या टोपणनावाचा रंगरूट सर्वांत शेवटी उभा असतो. तो क्षणभर घुटमळतो. मग मारतो, आणि एकदा मारून थांबत नाही.

सर्व युद्धपटांमध्ये प्रशिक्षणाचे याहून अचूक दृश्य मला माहीत नाही. त्यात उस्ताद हजर नाही, कुणी हुकूम दिलेला नाही. हार्टमनने फक्त अशी परिस्थिती निर्माण केली आहे की, दयाळूपणाची किंमत प्रत्येकाला स्वतःच्या शरीराने चुकवावी लागेल. माणूस दुष्ट नसतानाही दुष्टपणा करतो तो कसा, याचे उत्तर त्या काही क्षणांत आहे. जोकर इतर सर्वांपेक्षा शहाणा आहे, स्वतःच्या वागण्यावर बाहेरून नजर ठेवणारा आहे, म्हणून त्याचे मारणे अधिक भयंकर आहे. शहाणपणाने त्याला थांबवले नाही, फक्त थोडा उशीर करायला लावला. मारहाणीनंतर कानांवर हात दाबून पडलेला जोकर दिसतो, कारण लिओनार्डचे रडणे त्याला ऐकवत नाही. मन अजून मेलेले नाही, पण हात मात्र शिकले आहेत.

त्या रात्रीनंतर लिओनार्ड बदलतो, आणि चित्रपटाचा सर्वांत कडू भाग इथून सुरू होतो. तो उत्तम नेमबाज होतो. तो बंदुकीशी बोलू लागतो. हार्टमन त्याची स्तुती करतो. याच सुमारास हार्टमन मुलांना अभिमानाने विचारतो की, १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळी झाडणारा ली हार्वी ऑस्वाल्ड आणि १९६६ साली टेक्सासमध्ये विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून लोकांना टिपणारा चार्ल्स व्हिटमन नेमबाजी कुठे शिकले. उत्तर अर्थात मरीन कोअरमध्ये, म्हणजे ही मुले ज्यात भरती झाली आहेत त्या अमेरिकी सैन्यदलात. हे दोघे खरोखरच मरीन होते. शिकवण कुणावर वापरली जाते याच्याशी शिकवणाऱ्याला देणेघेणे उरलेले नाही, हे क्युब्रिक त्याच्याच तोंडून वदवून घेतात. प्रशिक्षणाच्या शेवटच्या रात्री लिओनार्ड हार्टमनला आणि मग स्वतःला गोळी घालतो. पुष्कळ समीक्षक याकडे बिघाड म्हणून पाहतात, म्हणजे प्रशिक्षण वाया गेले आणि मुलगा वेडा झाला. मला तसे वाटत नाही. मागितले होते ते सगळे त्याने शिकून दाखवले होते. शिल्लक होता तो केवळ शत्रू नेमून देण्याचा प्रश्न.

हार्टमनची भूमिका करणारे आर. ली अर्मी हे स्वतः मरीन कोअरमध्ये उस्ताद होते. त्यांना आधी सल्लागार म्हणून घेतले होते, पुढे भूमिकाच मिळाली आणि संवादांचा मोठा भाग त्यांचाच आहे. शिव्या लेखकाच्या टेबलावरून आलेल्या नसल्यामुळे त्यांना असा वजनदार, सरावलेला ठेका आहे. दुर्दैवाने त्याच ठेक्यामुळे लोक हार्टमनच्या प्रेमात पडले.

तरीही या विषयाचा एकतर्फी निकाल लावता येत नाही, आणि तो न लावण्याचा प्रामाणिकपणा सर्वांत आधी रेमार्क यांनी दाखवला. त्यांच्या कादंबरीत आणि लुईस माइलस्टोन यांच्या १९३० सालच्या चित्रपटात हिमेलस्टोस हा उस्ताद आहे. कालपर्यंत तो गावातला पोस्टमन होता, मुले त्याला ओळखतात, जुन्या ओळखीने त्याच्याशी हसून बोलायला जातात आणि तो त्यांना चिखलात लोळवतो. थोडासा अधिकार मिळालेला थोडासा माणूस किती क्रूर होतो, याचे ते चित्र आहे. पण त्याच कादंबरीत पॉल सांगतो की, त्या आठवड्यांनी आम्हाला कठोर, संशयी आणि निर्दय बनवले, आणि ते बरे झाले, कारण त्याशिवाय खंदकात गेलो असतो तर आमच्यापैकी बहुतेकांना वेड लागले असते. आणि छळातूनच आमच्यात ती सोबत जन्मली, जी युद्धाने दिलेली सर्वांत चांगली गोष्ट ठरली. युद्धाचा एवढा कट्टर विरोधक हे लिहितो, म्हणून त्याचे वजन मोठे आहे.

इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी या सोबतीचे मूळ थेट शरीरात शोधले. १९४१ साली ते अमेरिकी सैन्यात सक्तीने भरती झाले. टेक्सासच्या छावणीत शस्त्रसामग्रीची टंचाई होती, म्हणून तासन्‌तास नुसती कवायत चालायची. एका तालात पावले टाकताना आपण स्वतःपेक्षा मोठे झालो आहोत असे विलक्षण सुख वाटायचे, हे त्यांना आयुष्यभर विसरता आले नाही आणि १९९५ साली त्यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. हा अनुभव आपल्याला परका नाही. आषाढी वारीत टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळणाऱ्याला विचारले, तर स्वतःला विसरण्यातला आनंद तो सांगू शकेल. शरीर तालात विरघळते तेव्हा ‘मी’ मागे पडतो. त्या रिकाम्या जागी काय भरायचे हे मात्र ताल ठरवत नाही, ताल लावणारा ठरवतो.

प्रशिक्षणातली कठोरता आणि निखळ छळ यांच्यातली सीमा किती पातळ आहे, याचे उदाहरण सिनेमाबाहेरचे आहे. ८ एप्रिल १९५६च्या रात्री अमेरिकेच्या पॅरिस आयलंड या मरीन प्रशिक्षण केंद्रात मॅथ्यू मॅकिऑन या उस्तादाने शिस्त लावण्यासाठी आपल्या पलटणीला भरतीच्या पाण्याच्या खाडीत उतरवले आणि सहा रंगरूट बुडून मेले. लष्करी न्यायालयात खटला चालला, प्रशिक्षणाचे नियम बदलले. पुढच्याच वर्षी जॅक वेब यांचा ‘द डी. आय.’ हा चित्रपट आला, ज्यातला उस्ताद बाहेरून फणसासारखा काटेरी आणि आतून मायाळू आहे. जनतेचा विश्वास परत मिळवायला अशा चित्रपटाचा उपयोग होतो, हे उघड आहे.

युद्धविरोधी म्हणून काढलेला चित्रपटही उलटे काम करू शकतो. सॅम मेंडिस यांच्या २००५ सालच्या ‘जारहेड’मध्ये एका सभागृहात बसलेले तरुण मरीन व्हिएतनाम युद्धावरच्या एका प्रसिद्ध चित्रपटातला हेलिकॉप्टर हल्ला पाहत आहेत. ज्या दृश्याने अंगावर काटा यावा, त्यावर ते आरोळ्या ठोकतात. पुढे त्यातला एक निष्णात नेमबाज आखाती युद्धात शत्रूवर एकही गोळी न झाडता परततो, आणि समोर आलेले लक्ष्य विमानांसाठी सोडावे लागते तेव्हा त्याचा साथीदार अक्षरशः रडून भांडतो. मारायला न मिळाल्याचे दुःख त्याला इतके खरेखुरे होते, ही प्रशिक्षणाच्या यशाची खूण आहे.

भारतीय सिनेमा या वाटेने फारसा गेलेला नाही. आपल्याकडे प्रशिक्षण ही बिघडलेल्या किंवा भरकटलेल्या मुलाच्या घडण्याची कथा असते. ‘लक्ष्य’ या हिंदी चित्रपटातला करण डेहराडूनच्या सैनिकी अकादमीतून शिक्षेला कंटाळून पळून येतो, प्रेयसीच्या नजरेतून उतरतो आणि परत जाऊन अधिकारी होतो, अकादमी त्याच्याकडून काही काढून घेते असा संशय चित्रपटाला येत नाही. याची कारणे खरी आहेत. आपले सैन्य स्वेच्छेच्या भरतीचे आहे, तर वर उल्लेखलेले बहुतेक चित्रपट सक्तीच्या भरतीने पोळलेल्या समाजांच्या अनुभवातून आले. भंडारा, गोंदिया किंवा यवतमाळच्या ज्या मुलाला १६०० मीटरची धाव काही सेकंदांनी हुकल्यामुळे घरी परतावे लागते, त्याच्यासाठी सेंटरचे फाटक हे आत ओढणारे नसून बंद असलेले फाटक असते. शिवाय सैन्यावरचे चित्रपट काढताना संरक्षण मंत्रालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे, अशी सूचना २०२० साली आली. ज्या यंत्रणेची परवानगी लागते तिच्यावर प्रश्न उभा करणे कुठल्याही देशात अवघड जाते. क्युब्रिक यांनी आपली सगळी अमेरिकी छावणी आणि सगळा व्हिएतनाम इंग्लंडमध्ये उभा केला होता.

एक अपवाद मात्र आपल्याच माणसाचा आहे. नाना पाटेकर यांनी १९९१ साली दिग्दर्शित केलेल्या ‘प्रहार’चा पूर्वार्ध कमांडो प्रशिक्षणाचा आहे आणि मेजर चव्हाणांची भूमिका त्यांनीच केली आहे. उत्तरार्धात मेजर मुंबईत येतात, तर त्यांचा जायबंदी होऊन निवृत्त झालेला शिष्य पीटर हप्ता द्यायला नकार दिल्यामुळे गुंडांच्या हातून मेलेला असतो आणि मोहल्ल्यातले कुणी साक्ष द्यायला तयार नसते. मेजर मग त्यांना जे येते ते करतात. चित्रपटाची सहानुभूती पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे, आणि पडद्याबाहेर प्रेक्षकही टाळ्या वाजवतात. पण थोडे थांबून पाहिले तर दिसते की, भीतीने गप्प बसलेल्या शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी या माणसाकडे भाषाच उरलेली नाही. त्याला दोनच प्रकारचे लोक ओळखता येतात, लढणारे आणि न लढणारे, आणि दुसऱ्या प्रकाराविषयी त्याच्या मनात तिरस्काराशिवाय काही नाही. सैन्यात जी नजर जीव वाचवते, ती गल्लीत आल्यावर काय करते, हे या चित्रपटाने, कदाचित स्वतःच्या इच्छेविरुद्ध, दाखवून दिले आहे.

ही बाजू आता आपल्या गावांमध्ये प्रत्यक्ष येऊ घातली आहे. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतून भरती होणारा मुलगा चार वर्षे सेवा करतो आणि त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम ठेवले जाते. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२३च्या सुरुवातीला सुरू झाले. बाकीचे तरुण विशीच्या पूर्वार्धातच घरी येणार आहेत. सेवा संपल्यावर मिळणाऱ्या सेवानिधीची रक्कम किती असेल आणि पोलिसांत किंवा सुरक्षा दलांत किती जागा राखीव असतील, यावर पुष्कळ बोलले गेले आहे. रंगरूटाला सैनिक बनवण्यासाठी आठवड्यांचे वेळापत्रक, उस्ताद, मैदान आणि शेवटी शपथ घेण्याची कसम परेड असते. सैनिकाला पुन्हा नागरिक बनवण्यासाठी असे कुठलेही मैदान नाही, आणि त्याविषयीचा भारतीय चित्रपटही अजून कुणी काढलेला माझ्या पाहण्यात नाही. तो निघेल तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याने कसम परेडच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात न करता, चार वर्षांनी कामठीच्या स्टेशनवर उतरणाऱ्या मुलापासून करावी, असे मला वाटते.